अनेझीनाची खाणावळ आणि गावाचं मीठ

बोट धक्क्याला लागली की उतरणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला. नाकाची सालपटं निघालेली, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी पिशवी, असा एखादा परदेशी पाहुणा खाली उतरायचा, पाची बोटं तोंडाशी नेऊन घासाची खूण करायचा, आणि अव्लाकीचं, त्या बेटावरच्या आपल्या गावाचं, सगळं बंदर त्याला वाट दाखवायला धावायचं. गावात खाणावळी दोनच, पण सल्ले धक्क्यावर जितकी माणसं तितके.

"फ्लोराकडे जा," कोळी म्हणायचे, कारण फ्लोरा त्यांची उरलीसुरली मासळी घ्यायची. "छे छे, अनेझीनाकडे," वाणी म्हणायचा, कारण अनेझीना त्याच्याकडून तांदूळ न्यायची. सगळ्यांचं बोलून झालं की आपल्या घराच्या दारात खुर्ची टाकून शेंगा निवडत बसलेली झांबेता मान वर करायची. झांबेता ही अनेझीनाची सख्खी नणंद, आणि लग्न होऊन वहिनी घरात आली त्या दिवसापासून दोघींचं एका वाक्यापुरतंही पटलेलं नव्हतं. "तिकडे जा, झाऊच्या झाडाखाली," ती पाहुण्याला शेंगेनं दिशा दाखवायची. "जेवण बेताचंच असतं, पण मरत नाही कुणी." झांबेताच्या तोंडून याहून मोठी तारीफ त्या बेटावर कुणाच्या वाट्याला आली नव्हती, तिच्या नवऱ्याच्यासुद्धा नाही.

अनेझीनाच्या खाणावळीची टेबलं झाऊखाली अशी मांडलेली, की वारा उठला तर लाट येऊन जेवणाऱ्याची पावलं धुऊन जायची. खुर्च्यांवर बसणारा कायम थोडा समुद्राकडे कललेला असायचा. उझोचा, म्हणजे बडीशेपेच्या दारूचा, दुसरा पेला झाला की सगळे सरळच दिसायचे, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. काय काय मिळतं याची पाटी नाही, कार्ड नाही. विचारलं की अनेझीना पदराला, म्हणजे तिच्या त्या निळ्या एप्रनला, हात पुसत म्हणायची, "आत ये आणि बघ की. मी काय बोलून दाखवू? पातेल्यांना काय तोंड नाही?"

मग सगळे रांगेनं स्वयंपाकघरात. परदेशी, कोळी, बोटीचा कप्तान, गावचे पाद्री पापा-लूकास, सगळे. झाकणं उचलायची, वाफेत तोंड घालायचं, चमचा बुडवायचा, मान हलवायची आणि मग बाहेर जाऊन बसायचं. पातेल्यात डोकावल्याशिवाय जेवायला बसणं म्हणजे मुलगी न बघता बोहल्यावर चढणं, असं आपल्या गावाचं मत होतं. रविवारी बेकरीच्या भट्टीत रात्रभर मुरलेल्या काबुली चण्यांचं मडकं, तांदूळ आणि शेपू भरलेले टोमॅटो, लिंबात शिजलेलं बोकडाचं मटण, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण आणि त्यावर कच्चा कांदा. बाहेर दोरीवर ऑक्टोपस धुतलेल्या मोज्यांसारखे वाळत असायचे. वाइन कोपऱ्यातल्या पिपातली, पत्र्याच्या लोट्यात. कुणी दुसऱ्या टेबलावर एक लोटा धाडला की त्यानं उठून पेला उंचवायचा, आणि मग त्याच्याकडून दोन लोटे परत यायचे. दुपारी सुरू झालेली ही देवाणघेवाण संपायची तेव्हा घरोघरच्या बायका उंबऱ्यात उभ्या राहून हाका मारत असायच्या. ते दिवस गेले. आता तिकडे रंगीत फोटोंची कार्डं आहेत म्हणे, आणि स्वयंपाकघराच्या दारावर परक्यांना आत येऊ नये अशी पाटी.

अनेझीना सासूच्या हाताखाली या चुलीशी उभी राहिली ती नवरी म्हणून, आणि सासू गेली, नवरा झान्नीस गेला, तरी तिथेच उभी होती. एकुलता एक मुलगा लिओनीस पिरेयसला, तिकडच्या मोठ्या बंदराच्या शहरात. जहाजांच्या कचेरीत नोकरी, चौथ्या मजल्यावर घर, आणि घराला बाल्कनी. ही बाल्कनी अव्लाकीत सगळ्यांना पाठ होती. कारण फोन होता तो वाण्याच्या दुकानात, आणि लिओनीस रविवारी फोन करायचा तेव्हा दुकानात साबण घ्यायला आलेली माणसं साबणाचा वास घेत तासभर उभी असायची.

"आई, आता बास झालं," लिओनीसचा आवाज दुकानभर ऐकू यायचा. "इकडे ये. बाल्कनीत बस. कॉफी पी. खाली बाजार दिसतो."

"मग बाजार बघून काय करू? इथे बोट दिसते ती पुरेशी आहे."

"ठीक आहे. पण ज्या दिवशी तुला झेपेनासं होईल ना, त्या दिवशी मी येऊन घेऊन जाणार. हे कबूल?"

"कबूल," अनेझीना म्हणायची, कारण तो दिवस येणार नाही याची तिला खात्री होती.

तो दिवस आला हिवाळ्यात, आणि अगदी गुपचूप आला. आठवडाभर ताप होता. उठल्यावर तिनं कॉफी केली, तर नुसतं गरम पाणी प्यायल्यासारखं झालं. तिनं वाण्याला शिव्या घातल्या की जुनी भुकटी देतोस. मग लिंबू चाटलं. मग मीठ. शेवटी खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीतली पानं तळहातावर चुरगळून नाकाशी धरली. काहीच नाही. नाकाशी धरलेला हा हात आपला नाही, कुणा परक्याचाच आहे, असं तिला वाटलं. ती स्टुलावर बसली आणि पहिला विचार आला तो त्या बाल्कनीचा. चव गेली म्हणजे स्वयंपाक गेला, स्वयंपाक गेला म्हणजे खाणावळ गेली, आणि मग चौथा मजला.

तिनं कुणाला सांगितलं नाही. ईस्टरला पहिले पाहुणे उतरले आणि ती आठवणीवर शिजवू लागली. शेपू किती, तर सासू मूठ झटकून टाकायची तेवढा. लिंबू कधी, तर झान्नीस दारात येऊन "काय गं, झालं का?" म्हणायचा त्या वेळी. तो गेल्याला किती वर्षं झाली, पण मटणात लिंबू पिळायच्या क्षणी ती अजून दाराकडे बघायची. हे सगळं आठवत होतं. मीठ तेवढं आठवणीत बसत नव्हतं, कारण मीठ ती नेहमी जिभेवर घेऊन टाकायची. खडकांच्या खळग्यांत वाळलेलं समुद्राचं मीठ, कधी जाड, कधी बारीक, प्रत्येक वर्षी वेगळं. भीतीनं ती कमी टाकू लागली. आणि जेवणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

तोंडं काही सांगत नव्हती. चण्यांच्या थाळ्या अर्ध्या परत यायच्या. रस पावानं पुसून घेणारी माणसं पाव नुसताच खायची. आणि याकोवोस कोळी, झान्नीसचा बालमित्र, ज्यानं जन्मात तिच्या जेवणाला "खाण्यासारखं आहे" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं, तो एक दिवस थाळी संपवून म्हणाला, "वा वहिनी! काय फक्कड झालंय!" त्या रात्री अनेझीनाचा डोळ्याला डोळा लागला नाही.

झांबेताला कळलं ते दुधामुळे. खिरीसाठी दूध चुलीवर होतं आणि अनेझीना त्याच्याकडे पाठ करून टोमॅटो कोरत होती. धुराचा वास गल्लीच्या टोकाला गेला होता. झांबेता धावत आत आली.

"वहिनी! दूध करपलं!"

अनेझीना दचकली, पण लगेच सावरली. "माहितीये मला, वन्सं. मुद्दाम करपवते. परदेशी लोकांना आवडतं."

झांबेतानं तोंड उघडलं. वर्षानुवर्षांच्या टोमण्यांचा साठा तिथे तयार होता. आणि मग, असं आक्रीत अव्लाकीत कधी घडलं नव्हतं, तिनं ते मिटलं. पातेलं उतरवलं आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून झांबेताला रोज सकाळी वहिनीच्या घरचं काहीतरी लागू लागलं. कधी लिंबू, कधी सुरी, कधी चाळण, जी ती उद्या परत आणून परवा पुन्हा न्यायची. अनेझीना लिंबू आणायला मागच्या अंगणात गेली की झांबेता झाकण उचलायची, चाखायची, आणि चिमूटभर मीठ टाकून झाकण ठेवायची. "काय हो, तुमचं आज पुन्हा लिंबू?" अनेझीना वैतागायची. "घरात झाड आहे ना तुमच्या?"

"आहे. पण माझी लिंबं तुझ्यासारखीच आंबट झालीत, जवळ जाववत नाही."

थाळ्या पुन्हा चाटूनपुसून येऊ लागल्या. अनेझीनाला वाटलं, हाताला अंदाज आला. उन्हाळा तापला तशी ती कामात गुणगुणूही लागली. बाल्कनी मनातून पुसट झाली.

आणखी एक तिला माहीत नव्हतं, की दूध करपल्याचा वास एकट्या झांबेताला आला नव्हता. पापा-लूकास त्याच वेळी गल्लीतून चालले होते. याकोवोसला तर ईस्टरपासून शंका होती. वाण्यानं कॉफीच्या शिव्यांवरून ताडलं होतं. शिक्षकांच्या बायकोनं, बेकरीवाल्यानं, टपालवाल्यानं आपापल्या परीनं ओळखलं होतं. आणि गंमत बघा, ज्या गावात कुणाची कोंबडी अंड्यावर बसली तरी संध्याकाळी चर्चा व्हायची, तिथे या एका गोष्टीची कुणी वाच्यता केली नाही. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याला एकट्यालाच कळलंय, आणि आपण गप्प राहिलो तर बाई वाचेल.

मग आला ऑगस्टमधला पानाइयाचा, म्हणजे मेरीमातेचा सण. त्याच्या आधी पंधरवडाभर उपास. मटण नाही, दूध नाही, चीज नाही. सणाच्या सकाळी चर्चच्या अंगणात तीन भल्यामोठ्या कढया चढायच्या, बोकडं शिजायची, त्या रश्श्यात मॅकरोनी पडायची, आणि प्रार्थना संपली की सगळं गाव, बोटीनं आलेले लेकीजावई, परदेशी पाहुणे, सगळे लांबलचक टेबलांवर जेवायला बसायचे. कढयांवर उभी असायची अनेझीना, जशी तिच्या आधी तिची सासू. आणि या स्वयंपाकाची एक खासियत अशी, की प्रार्थना संपेपर्यंत उपास सुटत नाही, म्हणून शिजवणारीनं चाखायचं नाही. मीठ हाताच्या मापानं. बोकडाला मूठ, मॅकरोनीला अर्धी मूठ, पाण्याला वेगळं. त्या सकाळी अनेझीना निर्धास्त होती. वर्षातला हा एकच दिवस असा, की गावातली प्रत्येक जीभ तिच्याइतकीच बंद होती. तिनं मोजून मीठ टाकलं, आणि ते, खोटं कशाला बोला, अगदी बरोबर पडलं होतं.

लिओनीस आदल्याच दिवशी बायकोसकट आला होता. "आई, बाल्कनीत नवी खुर्ची घेतलीये, वेताची," असं सांगून झालं होतं. तो अंगणात आईच्या हालचाली बघत उभा होता, जसा विमावाला जुन्या घराच्या भिंती बघतो तसा.

प्रार्थनेला जाणारं प्रत्येक माणूस रीतीप्रमाणे कढयांपाशी थांबलं. झाकण उचलून बघणं तिथेही आलंच.

"वा, वास काय सुटलाय!" शिक्षकांची बायको वाकली, आणि बोटं झटकून सरळ झाली.

"वहिनी, त्या कोपऱ्यातलं लाकूड धुमसतंय बघ," याकोवोस म्हणाला. अनेझीना वाकली, तोवर याकोवोसची मूठ कढईवरून फिरली होती. कोळ्याची मूठ ती, तिला चिमूट माहीत नव्हती.

वाणी आला. टपालवाला आला. बेकरीवाला आला, त्याला तर पीठ टाकायची सवय. पापा-लूकास झगा सावरत कढईवर क्रूसाची खूण करायला थांबले, आणि खूण जरा लांबली. झांबेता सर्वांत शेवटी आली. चाखता येत नव्हतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, मनाशी म्हणाली की आज वहिनीची लाज आपल्या हाती, आणि जरा जास्तच टाकलं.

प्रार्थना संपली. घंटा झाली. टेबलं भरली, थाळ्या फिरल्या, पहिला घास सगळ्यांनी एकदम घेतला.

अनेझीना पळी घेऊन कढईपाशी उभी होती. तिनं पाहिलं, की सगळं गाव एकाच वेळी चावायचं थांबलं. मग हळूहळू पुन्हा चावू लागलं. पाण्याच्या सुरया रिकाम्या झाल्या. वाइनचा लोटा कुणी कुणाला पाठवेना, जो तो आपलाच पीत होता. याकोवोसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो म्हणत होता, "वा! वा वहिनी!"

लिओनीसनं काटा खाली ठेवला. तो आता पिरेयसचा, त्याला गावाची रीत राहिली नव्हती. "आई," तो मोठ्यानं म्हणाला, "हे खारट झालंय. खारट म्हणजे काय, समुद्र आहे नुसता! तू चाखून बघ."

अनेझीनानं पळीभर रस्सा घेतला आणि तोंडात घातला. सगळं अंगण बघत होतं. तिला काहीच लागलं नाही. तोंड कसं करावं हे तिला कळेना. तिनं पळी खाली ठेवली.

"माझा हात चुकला," ती म्हणाली. "झेपत नाही आता. लिओनी, तू म्हणतोस ते बरोबर आहे."

झालं. ती हे वाक्य बोलली, आणि अंगणातले सगळे काटे एकाच वेळी खाली ठेवले गेले.

पहिला उठला याकोवोस. "तिचा हात चुकला नाही," तो खाकरला. "मी टाकलं. एक मूठ."

"तू?" वाणी उभा राहिला. "अरे, मीही टाकलं!"

"मीसुद्धा," शिक्षकांची बायको लाजत म्हणाली. "अगदी थोडं."

"थोडं काय, मी मागे होतो ना," टपालवाला म्हणाला, "तुम्ही टाकल्यावर मी टाकलं. मला वाटलं तुम्ही नुसतं बघताय."

सगळ्यांच्या माना पापा-लूकासांकडे वळल्या. पाद्रीबुवांनी दाढीवरून हात फिरवला. "मी आशीर्वाद दिला," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "त्यात थोडं मीठ होतं."

अंगणात हसू उसळलं, आणि त्याच वेगानं विरलं, कारण लिओनीस उभा होता आणि विचारत होता, "पण तुम्ही सगळ्यांनी का टाकलं?"

अनेझीनाच्या लक्षात आलं होतं. तिनं एकेकाचं तोंड पाहिलं. रोजचं लिंबू आठवलं, चाळण आठवली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "उन्हाळाभर! माझ्या पातेल्यात हात घालत होतात! आणि मी मूर्खासारखी गाणी म्हणत होते!" ती झांबेताकडे वळली. "आणि तुम्ही, वन्सं! तुमची तरी लिंबं..."

"ओरड, ओरड," झांबेता म्हणाली. "करपलेलं दूध परदेशी लोकांना आवडतं म्हणणारी तूच ना?"

"आई, तुला चव लागत नाही?" लिओनीसचा आवाज खाली आला.

"नाही लागत. हिवाळ्यापासून. कळलं? आता घे तुझी ती खुर्ची आणि..."

"खुर्ची गेली खड्ड्यात," झांबेता मध्येच म्हणाली. ती उठून कढईपाशी आली. "लिओनी, ऐक. हिला चव लागत नाही. मला लागते. हिचा हात चालतो. माझा चालत नाही, हे सगळ्या गावाला माहितीये, माझ्या नवऱ्याला विचार."

"विचारू नका," तिचा नवरा पलीकडून म्हणाला.

"मग अडलं कुठे? ती शिजवेल, मी चाखेन. नाहीतरी इतकी वर्षं माझी जीभ हिच्याच स्वयंपाकघरात चालते आहे."

"फुकट चालते," अनेझीना म्हणाली. डोळे पुसायला तिला एप्रनचं टोक सापडत नव्हतं. "पण एक अट, वन्सं. खोटं नाही बोलायचं. बिघडलं तर बिघडलं म्हणायचं."

"अगं, त्याची काळजी तू करतेस?"

या वेळी हसू थांबलं नाही. लिओनीसही हसला, मग बसला, आणि गावची रीत आठवल्यासारखा पुढचा घास घेऊन, तोंड वाकडं करत का होईना, गिळला. आईकडे बघून तो एवढंच म्हणाला, "पुढच्या सणाला मी पाहणार आहे हं, कसं जमतंय ते." अनेझीनानं ते ऐकलं, आणि पुढच्या सणाला आपण इथेच असणार हेही तिला त्यातच ऐकू आलं.

त्या दिवसापासून झाऊखालच्या खाणावळीत नवा नियम आला. झाकण उचला, वाकून बघा, वास घ्या, पण हात पाठीमागे. झांबेता दाराशी स्टूल टाकून बसायची आणि लाकडी चमच्यानं मनगटावर मारायची, मग तो कप्तान असो की पाद्री. परदेशी पाहुण्यांना कारण कुणी सांगितलं नाही. ते आपले हात मागे बांधून पातेल्यांपुढून रांगेनं जायचे, कुठल्या तरी मोठ्या चर्चमधून जावं तसे, आणि आपापल्या देशी जाऊन सांगायचे की त्या बेटावर जेवणाला फार मान देतात.

पण हे सगळं नंतरचं; सणाच्या दुसऱ्या दिवशी दोघींपुढे होता तो उरलेला रस्सा. दीड कढई. फेकायचा कसा, बोकडं गावाची. अनेझीनानं पाणी वाढवलं, बटाटे सोलायला घेतले. झांबेता चमचा घेऊन शेजारी. बोट धक्क्याला लागलेली, लिओनीस आणि सूनबाई चढायला निघालेले.

"जा गं निरोप द्यायला," झांबेता म्हणाली.

"त्याला सकाळी दिला. बोला, कसं आहे?"

झांबेतानं चाखलं. तोंड असं केलं, की आदल्या दिवशी कुणी केलं नव्हतं. "अजून समुद्रच आहे. पण आता किनारा दिसतोय."

बोटीचा भोंगा झाला. लिओनीस कठड्याशी उभा राहून रुमाल हलवत असणार, हे अनेझीनाला न बघताही माहीत होतं. तिनं आणखी चार बटाटे धुवायला पाण्यात टाकले आणि त्यातल्या एकाची साल काढायला बसली.